गोगलगायीचा जांभळा रंग: सूत समुद्राकडे न्या, गोगलगाय सोलापूरला आणू नका

सोलापुरात नैसर्गिक रंगाचा नाद लागलेल्या माणसाची वाट ठरलेली असते. सुरुवात डाळिंबाच्या सालीपासून, कारण ती फुकट मिळते. मग हळद, मंजिष्ठा, लाख, नीळ. नीळ जमली की गडी जांभळ्याच्या मागे लागतो, आणि कधीतरी मोबाइलवर त्याला तो व्हिडिओ सापडतो: खडकावरची गोगलगाय, तिच्यातून निघणारा दुधासारखा चीक, आणि बघता बघता जांभळी होणारी सुताची लडी. त्यानंतर येणारा प्रश्न जवळजवळ पाठ झाला आहे. "कोकणातून एक-दोन पोती मागवता येतील का?"

पोती मागवून काम होत नाही. ही गोगलगाय भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात राहते. दिवसातून दोनदा पाण्याखाली, दोनदा उघड्यावर. उघड्यावर असताना ती कातळाला घट्ट चिकटून, झाकण लावून, आतलं थोडंसं पाणी धरून दिवस काढते. पोत्यात घालून रत्नागिरी-नागपूर महामार्गाने सांगोल्यापर्यंत आणली की उरतो तो फक्त वास. मेलेल्या गोगलगायीत रंग ग्रंथीतच तयार होऊन बसतो आणि पाण्यात विरघळत नाही. तो सुतात उतरवायचा तर निळीसारखा व्हॅट लावावा लागतो, म्हणजे रासायनिक क्रियेने रंग आधी विरघळवून मग त्यात सूत बुडवावं लागतं. जिवंत गोगलगायीचा ताजा चीक मात्र थेट सुतात मुरतो, आणि मग सुताच्या आत रंग बनतो. म्हणजे जीव वाचवण्याचा विचार बाजूला ठेवला, तरी रंगाऱ्याच्या सोयीचं हेच, की इथून सूत घेऊन समुद्रावर जायचं, तिथेच धार काढायची, गोगलगाय तिच्या खडकावर सोडायची आणि रंगलेली लडी घेऊन परत यायचं.

ती सोडलेली गोगलगाय पुढे जगते की नाही, हे बहुतेक तुमच्या हातात असतं. खाली सगळं त्यासाठीच आहे.

आधी हिशोब, मग हौस

१९०९ साली पॉल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने भूमध्य समुद्रातल्या १२,००० गोगलगायींच्या ग्रंथी काढून त्यातला रंग शुद्ध केला. हाती आला १.४ ग्रॅम. त्यावरून कळलं की हा निळीचाच भाऊबंद: निळीच्या रेणूवर ब्रोमीनचे दोन अणू बसले की जांभळा. आता हे आपल्या भाषेत मांडू. एक किलोच्या चादरीला एक टक्का शेड द्यायची तर १० ग्रॅम रंग लागतो. फ्रीडलेंडरच्या हिशोबाने त्याला ८५ हजारांहून जास्त गोगलगायी. एका चादरीला. लेबनॉनच्या किनाऱ्यावर सिडॉनला फोडलेल्या शिंपांचे ढीगच्या ढीग सापडले, आणि रोमन काळात हा रंग राजेलोकांपुरता राहिला, त्यामागे हेच गणित आहे.

त्यामुळे चादर, टॉवेल, सबंध साडी हे विषय डोक्यातून काढा. काठातला एखादा धागा, पदरावरची बारीक रेघ, नमुन्याची छोटी लडी, एवढाच हा मामला. माझ्याकडे जो कोणी शिकायला येतो त्याला मी आधी हा गुणाकार करायला लावतो. निम्मे तिथेच परत जातात, आणि ते बरंच आहे. त्यांना जांभळाच हवा असेल तर लाखेवर निळीचा हात द्या, किंवा मंजिष्ठेला लोखंडाचं पाणी दाखवा. छान जांभळट छटा मिळतात आणि त्यात एकाही गोगलगायीचा जीव जात नाही.

ज्यांनी शतकानुशतकं हे केलं

मेक्सिकोच्या वाहाका राज्यात पिनोतेपा दे दोन लुईस नावाचं गाव आहे. तिथले मिश्तेक लोक पॅसिफिक किनाऱ्यावरच्या प्लायकोपर्पुरा कोल्युमेलारिस या गोगलगायीची धार काढून सूत रंगवतात. गोगलगायीला ते तिशिंदा म्हणतात. बायकांच्या नेसायच्या वस्त्रात, पोसावांकोत, या सुताचे जांभळे पट्टे असतात. सोबतीला निळीचा निळा आणि कोचिनील किड्याचा लाल. रंगारी साधारण ऑक्टोबर ते मार्च या काळात किनाऱ्यावर जातात. एका गोगलगायीची धार काढली की चंद्राचा एक फेरा होईपर्यंत तिला हात लावत नाहीत. लहान गोगलगाय घेत नाहीत, जोडीला लागलेली घेत नाहीत.

१९८०च्या दशकात तिथे बाहेरची एक कंपनी धंद्यासाठी उतरली. किनाऱ्यावरच्या मजुरांना लडीमागे पैसे. मग कोण कशाला थांबतंय महिनाभर? त्याच त्या खडकावर पुन्हा पुन्हा धार, आणि काढून झाली की गोगलगाय कुठेही फेकून द्यायची. खडक ओस पडले. मार्ता तुरोक या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी आणि स्थानिक रंगाऱ्यांनी आवाज उठवला, आणि १९८८ साली मेक्सिको सरकारने या गोगलगायीला संरक्षण दिलं. परंपरेने रंगवणाऱ्यांनाच ती वापरता येईल असं ठरलं. तरीही आज तिथे रंगारी हातावर मोजण्याइतके उरलेत आणि गोगलगायी कमी होत चालल्यात, कारण खाण्यासाठी चोरून गोळा करणाऱ्यांना कॅलेंडर नसतं.

यातून आपण घ्यायचं ते एवढं, की जुने रंगारी आणि कंपनीचे मजूर, दोघांची धार काढायची रीत एकच होती. फरक पडला तो परत ठेवण्यात आणि विश्रांतीत.

आपल्या किनाऱ्यावरच्या गोगलगायी याच कुळातल्या आहेत: पर्पुरा बुफो, थाइसच्या जाती वगैरे. कातळावरची कालवं आणि बार्नॅकल (खडकाला चिकटून राहणारे कवचाचे छोटे जीव) पोखरून खाणाऱ्या. त्यांच्यातही हीच ग्रंथी आणि हाच रंग आहे. मात्र मेक्सिकोतल्या बहिणीसारखी पिचकारी त्या मारत नाहीत. थेंब, दोन थेंब. कधी तेवढाही नाही. या एका फरकामुळेच आपल्याकडे दाबण्याचा, टोचण्याचा, फोडण्याचा मोह जास्त होतो.

परवानगी आणि जागा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२च्या अनुसूचीत समुद्रातले काही शंख-शिंपले आहेत. त्यांना जिवंत हात लावणं तर सोडाच, रिकामा शंख बाळगणंही अंगाशी येऊ शकतं. २०२२च्या दुरुस्तीने अनुसूच्यांची मांडणी बदलली, म्हणून जुन्या झेरॉक्सवर विसंबू नका. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालापासून आहे. तिथे हा प्रयोग करायचाच नाही. इतर ठिकाणी वन विभागाच्या कांदळवन कक्षाला लेखी विचारा, गावच्या ग्रामपंचायतीला सांगा, आणि त्या खडकावर कालवं काढायला येणाऱ्या बायकांना तर आधी सांगा. त्यांचा तो रोजचा खडक आहे, तुम्ही पाहुणे. शिवाय कुठल्या फटीत काय बसतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

जात ओळखायला रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयातल्या जाणकारांना आधी फोटो दाखवा. वरून, खालून आणि तोंडाकडून, बाजूला मोजपट्टी ठेवून. "शंख दिसतोय" एवढ्या ओळखीवर काम करू नका. एक गोष्ट मात्र फोटो न काढताही शिकून घ्या: शंकूच्या आकाराचा, गुळगुळीत, नक्षीदार, तोंडाची चीर लांब आणि अरुंद असलेला शंख उचलायचा नाही. ते कोनस. त्यांच्यातल्या काही जातींचा दंश माणसाचा जीव घेतो, आणि दिसायला नेमके तेच सगळ्यांत देखणे असतात. रंगाची गोगलगाय ओबडधोबड, गाठीगाठींची आणि रुंद तोंडाची असते.

तिथी बघून निघा

सोलापूरकराला भरती-ओहोटीचं गणित माहीत असायचं कारण नाही, पण भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ते लिहिलेलंच असतं. कोकणातला जुना ठोकताळा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. द्वितीयेला दोनची पाऊणपट दीड, म्हणजे दीडच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्यानंतर सहा तासांनी, पावणेआठच्या आसपास, पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे. निघण्यापूर्वी भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून किंवा तिथल्या मच्छीमारांकडून नक्की वेळ घ्या.

पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला उधाण असतं. पाणी चढतंही जास्त आणि ओसरतंही जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा खालचे खडक उघडेच पडत नाहीत. म्हणून आपल्या कामाचे दिवस प्रतिपदा ते तृतीया. ओहोटी सकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान येते, ऊन कोवळं असतं आणि कातळ तापलेला नसतो. हे शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. दुपारच्या ओहोटीला काळा कातळ इतका तापतो की अनवाणी उभं राहवत नाही, आणि नुकतीच दमलेली गोगलगाय आपण त्याच तव्यावर परत ठेवणार असतो. दुपारची ओहोटी असेल त्या दिवशी फक्त बघा, मोजा, फोटो काढा. धार काढू नका.

पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी खडकावर हजर राहा आणि पाणी वळलं की काम बंद करा. पावसाळ्यात जायचंच नाही. एप्रिल-मेही मी टाळतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा.

सुताची तयारी सोलापुरातच

चीक थेंबाने मिळणार, तेव्हा सूत असं हवं की पडलेला थेंब घरंगळून न जाता आत शिरेल. बाजारच्या सुताला मेण असतं, मागावरून उरलेल्या ताण्याला कांजी असते. दोन्ही काढा. धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून तासभर उकळा, भरपूर पाण्याने धुवा, आणि मग पाण्याचा एक थेंब टाकून बघा. लगेच शोषला तर सूत तयार. गोळी होऊन बसला तर परत उकळा. तुरटी, हिरडा काही लावायचं नाही. या रंगाला मॉर्डंट, म्हणजे रंग सुतात धरून ठेवणारा पदार्थ, लागत नाही.

चादरीचं जाड सूत नेऊ नका, ते थेंब पिऊन टाकतं आणि रंग दिसतही नाही. बारीक सूत किंवा रेशीम घ्या. लडी छोट्या, मनगटावर बसतील अशा, दोन-तीन ठिकाणी सैल आडगाठी मारलेल्या. सोबत जाड सुती फडकी, सावलीसाठी छत्री, लाकडाची बोथट पट्टी (आइस्क्रीमची काडीही चालते), वही, पेन्सिल. लोखंडी पट्टी, स्क्रूड्रायव्हर, चिमटा घरी ठेवा. बादली न्यायची तर हात धुवायला न्या, गोगलगायी ठेवायला नको.

उचलणं

गोगलगाय कातळाला चिकटते ती पायाने. तो पाय म्हणजे मऊ, ओला स्नायू. तुम्ही चाहूल न देता एका झटक्यात बाजूला सारली तर ती सहज सुटते. आधी चाचपत बसलात तर ती पाय आवळते, आणि मग ओढाताणीत स्नायू फाटतो किंवा शंखाच्या ओठाचा टवका उडतो. दोन्ही जखमा जीवघेण्या ठरू शकतात: फाटक्या पायाने लाटेत टिकता येत नाही, आणि ओठ फुटला की झाकण नीट बसत नाही, आतलं पाणी सुकतं, खेकड्याला नांगी घालायला फट मिळते. एकदा सारून सुटली नाही तर ती सोडा, पुढची बघा.

३ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर घ्यायची नाही. शंखावर जुनी तडा असेल तर नाही. एका फटीत पाच-सहा जणी गोळा झालेल्या दिसल्या, किंवा खडकाला चिकटलेल्या पिवळट-पांढऱ्या छोट्या कुप्यांचा पुंजका दिसला, तर ती सबंध फट सोडून द्या. त्या कुप्यांत अंडी आहेत. या गोगलगायींच्या काही जातींत रंगाचा हाच कच्चा माल अंड्यांच्या कुप्यांतही सापडतो आणि तो जंतूंना आवर घालतो. म्हणजे आपण ज्याला रंग म्हणतो ते तिच्या पोरांचं औषध आहे. विणीच्या वेळी ते काढून घेणं म्हणजे पुढची पिढी उघड्यावर टाकणं. आणि हो, जांभळी पडलेली कुपी दिसली तर खूश होऊ नका. आतला गर्भ मेला की कुपी जांभळी होते.

धार

उचलल्यावर ती आक्रसून झाकण लावते आणि थोडं पाणी सोडते. ते पाणी सुतावर घेऊ नका, गळून जाऊ द्या. मग ओल्या बोटाने किंवा काडीच्या बोथट टोकाने झाकणावर हलकेच टकटक करा, झाकणाच्या कडेला पायावरून बोट फिरवा. मेक्सिकोतले रंगारी तोंडाने फुंकरही मारतात. चीक येणार असेल तर अर्ध्या मिनिटात येतो: आधी पाणचट, मग दुधासारखा पांढरा. समुद्राच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या लडीचा कोपरा तिथे टेकवा आणि थेंब टिपून घ्या. बस. अर्ध्या मिनिटात काही आलं नाही तर तिच्याकडे आज द्यायला नाही. झाकण आत दाबून, टोचून, काडी आत सारून मिळालेला जास्तीचा थेंब बहुतेक वेळा जखमेतला असतो.

सुतावर टेकवलेला थेंब आता बघण्यासारखा. पांढऱ्याचा पिवळा होतो, पिवळ्याचा पोपटी, मग हिरवट निळा, आणि ऊन लागलं की कडेकडेने जांभळा चढत आत येतो. सगळं काही मिनिटांत. त्यासोबत लसूण आणि सडका कांदा एकत्र केल्यासारखा वास सुटतो. तो गंधकाचा. हातालाही रंग लागतो आणि दिवसेंदिवस जात नाही. डोळ्याला हात लावू नका. १६८०च्या दशकात इंग्लंडमध्ये विल्यम कोल नावाच्या गृहस्थाने तिथल्या खडकावरच्या गोगलगायीवर हीच रंगांची शिडी क्रमाने नोंदवली आणि उन्हाशिवाय ती चढत नाही हेही लिहून ठेवलं.

उन्हाचा खेळ समजून घ्या. ओल्या, अर्धवट बनलेल्या रंगावर ऊन जास्त वेळ राहिलं तर रेणूवरचे ब्रोमीन गळतात आणि छटा निळीकडे झुकते. लालसर जांभळा हवा असेल तर हिरवा टप्पा आला की सावलीत घ्या, हवेवर होऊ द्या. निळसर हवा असेल तर उन्हातच ठेवा. पण या खेळात रमून हातातली गोगलगाय विसरू नका. थेंब टिपला की आधी ती परत, मग लडीकडे बघा. हा क्रम कधी उलटा करू नका.

परत ठेवणं: जगणं-मरणं इथेच

बहुतेक लोक इथे घाई करतात, कारण रंग मिळालेला असतो. धार काढलेली गोगलगाय आक्रसलेली असते. तिचा पाय बाहेर नसतो, त्यामुळे तिला कातळ धरता येत नाही. अशा अवस्थेत ती पाण्यात फेकली, "समुद्रातलीच आहे, जाईल पोहत" म्हणून, तर ती पोहत नाही. ती तळाशी उताणी पडते किंवा लाट तिला खडकांवर आपटते, आणि मासे, खेकडे, ऑक्टोपस यांना आयतं मिळतं. उघड्या सपाट कातळावर ठेवली तर वरून ऊन, खालून तापलेला दगड, आणि आधीच पाणी आणि चीक गमावलेला देह. पालथी-उताणी कशीही ठेवली आणि सरळ होता आलं नाही तर पक्षी येतात.

म्हणून अशी ठेवा. जिथून उचलली त्याच उंचीच्या पट्ट्यात, शक्य तर त्याच फटीत. जागा ओली आणि सावलीतली हवी: कातळाची पाण्याकडची बाजू, कपार, दोन खडकांमधली बोळ. तोंड खाली, पाय कातळाकडे. वरून समुद्राचं पाणी ओंजळभर ओता आणि शंखावर दोन बोटं हलकी ठेवून थांबा. थोड्या वेळाने पाय बाहेर येतो, शंख किंचित हलतो आणि बसतो. बोटांना तो बदल जाणवतो, आधी खडखडणारा शंख आता खडकाला जडल्यासारखा लागतो. बोटाने अलगद ढकलून बघा. सरकला नाही, तर पुढच्या गोगलगायीकडे जा. सरकला तर अजून पाणी द्या, सावली करा, थांबा. पाच मिनिटं झाली तरी पकड येत नसेल तर ओल्या फडक्याखाली, उथळ डबक्याच्या सावलीच्या कडेला ठेवा आणि निघण्यापूर्वी परत बघा. वहीत त्या गोगलगायीपुढे फुली मारा. अशा फुल्या वाढू लागल्या तर त्या दिवसाचं काम तिथेच थांबवा.

हे सगळं एकेकीचं होतं. एक उचला, धार काढा, ठेवा, मग दुसरी. दहा-वीस गोळा करून बादलीत ठेवायच्या आणि मग निवांत बसून धार काढायची, ही सोय वाटते खरी, पण बादलीतलं पाणी तापतं, हवा कमी पडते, सगळ्या जणी घाबरून त्यातच चीक सोडतात आणि त्याच पाण्यात बसतात. रंग वाया, गोगलगायी अर्धमेल्या. आणि नळाचं गोडं पाणी तर अंगावर शिंपडूही नका. खाऱ्या पाण्यात जगणाऱ्या देहाला ते सोसत नाही.

विश्रांतीचा हिशोब

चीक पुन्हा साठायला आठवडे लागतात. मेक्सिकोतला नियम चंद्राच्या एका फेऱ्याचा आहे, आणि आपल्या तिथीच्या हिशोबात तो आपोआप बसतो: पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला धार काढली तर मधली अमावास्या सोडायची आणि पुढच्या पौर्णिमेनंतरही त्या खडकाला लगेच हात लावायचा नाही. हा शेवटचा भाग माझा. तो नियम ज्या गोगलगायीवर घडला ती आपली नव्हे, आपली चीकही कमी देते. म्हणून मी दोन फेरे धरतो. किनाऱ्याचे तीन तुकडे पाडा, प्रत्येकाला खूण ठेवा, आणि एका फेरीत एकच तुकडा. तिन्हींपैकी एक तुकडा कायमचा न शिवलेला ठेवता आला तर उत्तम, तुलनेला तो लागणारच आहे.

जगल्या का, हे मोजायचं कसं

"ठेवली तेव्हा हलत होती" हा पुरावा नव्हे. मोजायचं असेल तर तीन गट करा. पहिल्या गटाची धार काढा. दुसरा गट नुसता उचला, तेवढाच वेळ हातात धरा आणि परत ठेवा. तिसऱ्या गटाला जागेवरच खूण करा, उचलूच नका. खुणेसाठी शंखाच्या वरच्या वेढ्यावर बोटाएवढी जागा फडक्याने कोरडी करा, नेलपॉलिशचा ठिपका द्या किंवा जलरोधक कागदाचा बारीक आकडा चिकटवा. ठिपके दोन द्या, एक घासून गेला तरी दुसरा राहतो. उचललेल्यांची पायाकडची बाजू वाळेपर्यंत ओल्या फडक्यावर ठेवा आणि गोंद तोंडाकडे येऊ देऊ नका.

दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीला बघा, आठवड्याने जमलं तर बघा, आणि चंद्राचा फेरा पूर्ण झाल्यावर त्याच तिथीला नक्की बघा. समजा प्रत्येक गटात ४० होत्या आणि महिन्याने पहिल्या गटातल्या २२, दुसऱ्यातल्या २९, तिसऱ्यातल्या ३४ सापडल्या. तिसऱ्यातल्या ६ गेल्या त्या समुद्राच्या नेहमीच्या हिशोबात: काही मेल्या, काही चालत दुसऱ्या खडकावर गेल्या. दुसऱ्या आणि तिसऱ्यातला ५चा फरक नुसत्या उचलण्याने पडला. पहिल्या आणि दुसऱ्यातला ७चा फरक धार काढण्याने. असे आकडे आले तर तुमची पद्धत त्या खडकाला झेपत नाही, मग सूत कितीही सुंदर रंगलं असू दे. फरक एखाद-दुसऱ्याचा असेल तर घाईने आनंदू नका, दोन-तीन फेऱ्यांचे आकडे जोडून बघा.

इथे एक गंमत नवख्यांना हमखास फसवते. खूण केलेला शंख तुरुतुरु चालताना दिसतो आणि वहीत "जिवंत" अशी नोंद होते. गोगलगाय तुरुतुरु चालत नाही. आत साधू खेकडा शिरलेला असतो, मेलेल्या गोगलगायीचं घर त्याने रातोरात बळकावलेलं असतं. म्हणून प्रत्येक खुणेचा शंख तिरका करून तोंडाशी बघा: झाकण दिसलं आणि स्पर्शाने पाय आत गेला तर जिवंत. पाय दिसले तर खेकडा, म्हणजे गोगलगाय मेलेली. रिकामा खुणेचा शंख सापडला तर तोही लिहा, कडा कुरतडल्यात का हे बघा. कुरतडलेला ओठ म्हणजे खेकड्याने फोडून खाल्लेली.

आणि आकडे वाईट आले की प्रत्येक वेळी आपलीच चूक असेल असंही नाही. बंदराजवळच्या खडकावर हा प्रयोग करूच नका. जहाजांच्या बुडाला लावत असत त्या टिनयुक्त रंगाने या कुळातल्या माद्यांना नराची इंद्रियं फुटतात आणि वीण बंद पडते. जगभर २००८पासून त्या रंगावर बंदी आहे, पण बंदराच्या गाळात तो बराच काळ टिकून राहतो. अशा खडकावर म्हाताऱ्या गोगलगायी दिसतात, पिल्लं दिसत नाहीत. पिल्लं न दिसणाऱ्या कुठल्याच खडकावर धार काढू नये.

परत सोलापुरात

लडी तिथेच सावलीत पूर्ण वाळवून मग पिशवीत घाला. ओली बंद पिशवीत घातली तर रंग ठिपकेठिपके बनतो आणि गाडीतले सहप्रवासी तुम्हाला मिरजेला उतरवतील. घरी आल्यावर दोन-तीन दिवस हवेवर ठेवा, मग रिठ्याच्या कोमट पाण्यात धुवा. आपलं बोअरचं जड पाणीही चालतं, हा रंग एकदा बनला की त्याला क्षाराची पर्वा नसते. धुण्यात सुटतं ते वरवरचं, आत बसलेलं सुटत नाही, उन्हालाही तो चांगला टिकतो.

प्रत्येक लडीला चिठ्ठी बांधा: खडकाचं नाव, तिथी, किती गोगलगायींची धार, किती फुल्या, त्या तुकड्यावर पुन्हा कधी जायचं. विणकराला सूत देताना त्याची झेरॉक्स द्या आणि गिऱ्हाईक विचारेल तेव्हा तीच दाखवा. सूत विणायला बसेपर्यंत वेगळ्या डब्यात ठेवा, घरच्या साड्यांच्या कपाटात नको. धुऊनही समुद्राचा तो वास राहतोच, आणि पहिल्या पावसाळी दमट हवेत घरच्यांना तो तुमच्या आधी कळतो.